१४० कोटींचा हिशेब मला सांगू नका

चाकणच्या तळेगाव चौकात कंपनीची बस अडकली की पुढचा पाऊण तास कुणाच्याच हातात नसतो. १४ ऑक्टोबर २०२५ च्या संध्याकाळी आमची बस तशीच अडकली होती. ओव्हरटाइम करून निघालेली, निम्मी माणसं खिडकीला डोकं टेकून झोपलेली. मी मागच्या बाकावर मोबाइल पुढच्या दांडीला टेकवून भारत-सिंगापूर सामना बघत होतो. मडगावचं फातोर्डा स्टेडियम, २०२७ च्या आशिया चषकाची पात्रता फेरी. चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगतेनं गोल मारला तेव्हा मी ओरडलो. दोघं दचकून जागे झाले, एकानं विचारलं, "विकेट गेली का?" मोशी येईपर्यंत मध्यंतर झालं होतं आणि त्याच्या तोंडावर सिंगापूरनं बरोबरी साधली होती. भोसरी येईस्तोवर त्यांचा दुसरा गोलही झाला. घरच्या मैदानावर १-२ हरलो आणि आशिया चषकाचा रस्ता बंद झाला.

आमच्या मशीन शॉपचे मामा उतरता उतरता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय भाऊ, परत? एकशेचाळीस कोटींत अकरा जण सापडत नाहीत, आणि तुम्ही डेटा जाळताय." बस हसली. मीही हसलो.

चाकण ते भोसरी मामांशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही, म्हणून त्या दिवशी गप्प बसलो. पण ते वाक्य कुसळासारखं रुतून राहिलं, कारण ते एकट्या मामांचं नाही. दर पराभवानंतर ते वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर येतं, टपरीवर येतं, लग्नाच्या पंगतीत येतं. आणि येताना चार भावंडं घेऊन येतं: क्रिकेटनं फुटबॉल खाल्ला, आपली शरीरयष्टीच तशी नाही, लोक स्टेडियममध्ये येत नाहीत मग खेळ वाढणार कसा, आणि शेवटचं, एवढीच हौस असेल तर युरोपातलं बघ की. या पाचही वाक्यांत दोष कधी खेळणाऱ्याच्या रक्तात सापडतो, कधी बघणाऱ्याच्या आळसात. खेळ चालवणाऱ्याचं नाव एकातही येत नाही. म्हणून हे उत्तर, जे बसमध्ये द्यायचं राहून गेलं.

मामा, तुमची उभी हयात मशीन शॉपमध्ये गेली. स्टोअरमध्ये बार स्टॉकचे ढीग लागलेत म्हणून संध्याकाळी डिस्पॅचला क्रँकशाफ्ट उभा राहतो का? मधे कटिंग आहे, फोर्जिंग आहे, हीट ट्रीटमेंट आहे, ग्राइंडिंग आहे आणि प्रत्येक टप्प्यावर गेज घेऊन उभा असलेला माझ्यासारखा एक कटकट्या क्वालिटीवाला आहे. एवढा माल असूनही पार्ट साइजमध्ये निघत नसला तर तुम्ही पोलादाला शिव्या घालत नाही. तुम्ही म्हणता, "सेटिंग बघा रे." मग फुटबॉलची गोष्ट निघाली की तुमची ही अक्कल बसच्या पायरीवरच का राहते?

१४० कोटी हा स्टोअरमधला ढीग आहे. त्यातल्या किती पोरांना आठव्या-दहाव्या वर्षी आठवड्यातून तीनदा शिकवणारा प्रशिक्षक मिळतो, किती जणांना वर्षाला तीस-चाळीस खरे सामने खेळायला मिळतात, हे विचारायचं असतं. आपल्याच पट्ट्यात फिरून बघा. वाकड, रावेत, मोशी, जिकडे बघावं तिकडे टर्फ. जाळीच्या आत हिरवी चटई, तासावर भाडं, रात्री उशिरापर्यंत दिवे. आत खेळतात आयटीतली आणि कंपन्यांतली तिशीची मंडळी, पोट कमी करायला. एका रविवारी सकाळी मोशीतल्या अशाच एका टर्फबाहेर मी नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा बघितला, शेजारच्या बांधकामावरचा. बॉल जाळीवरून बाहेर आला की तो हातानं उचलत नव्हता. चपला बाजूला काढायचा, पायाच्या आतल्या बाजूनं बॉल थोपवायचा, एक टप्पा पडू द्यायचा आणि जाळीवरून बरोबर आत पाठवायचा. मी होतो तेवढ्या वेळात सहा वेळा बॉल बाहेर आला, सहाही वेळा तो आत गेला. आतल्यांनी एकदा "थँक यू" म्हटलं. जनगणना होईल तेव्हा तो १४० कोटींपैकी एक असेल. फुटबॉलच्या कुठल्याच वहीत तो नाही आणि असण्याची शक्यताही नाही.

आता आकड्यांचीच हौस असेल तर आणखी दोन घ्या, कारण ते तुम्ही माझ्या तोंडावर मारणारच आहात. फातोर्ड्याच्या आदल्याच दिवशी, १३ ऑक्टोबरला, जेमतेम पाच लाख वस्तीचा केप व्हर्दे विश्वचषकाला पात्र ठरला. पुढे १८ नोव्हेंबरला आपण ढाक्यात बांगलादेशकडून ०-१ हरलो, २००३ नंतर पहिल्यांदा. त्याच तारखेला जमैकात गोलशून्य बरोबरी साधून क्युरासाओ विश्वचषकात पोचला. त्याची वस्ती दीड लाखाच्या आसपास. पिंपरी-चिंचवडची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्याच १७ लाखांवर होती, म्हणजे क्युरासाओसारखी अकरा बेटं आपल्या महापालिकेत मावतील.

"बघा, आम्ही काय म्हणत होतो!" असं म्हणायच्या आधी क्युरासाओचा संघ कुठे घडला ते विचारा. त्यातले बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले, तिथल्या क्लबांच्या अकादम्यांत सहाव्या-सातव्या वर्षापासून तयार झालेले. केप व्हर्देचे कितीतरी खेळाडू पोर्तुगाल, फ्रान्स, नेदरलँड्समध्ये वाढलेल्या स्थलांतरितांच्या घरांतले. माल बेटाचा असला तरी प्रोसेस युरोपातली होती. आइसलँड २०१८ चा विश्वचषक खेळला तो साडेतीन लाख वस्तीच्या जोरावर नाही. हिवाळ्यात खेळता यावं म्हणून बंदिस्त मैदानं बांधली आणि गावोगावी पदविकाधारक प्रशिक्षक नेमले, त्याच्या जोरावर. उझबेकिस्ताननं २०२३ मध्ये २० वर्षांखालचा आशिया चषक जिंकला, २०२५ मध्ये १७ वर्षांखालचा, आणि मग २०२६ च्या विश्वचषकाचं तिकीट काढलं. खालच्या पायऱ्या आधी, वरची नंतर. लोकसंख्येचा आकडा छोटा असो की मोठा, त्यानं काहीच सिद्ध होत नाही. तो तोंडात टाकायला बरा, एवढंच.

क्रिकेटनं फुटबॉल खाल्ला म्हणता, तर ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड हे दोन्ही खेळ खेळतातच. आणि इतकं लांब कशाला, कोल्हापूरला जा. पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांचा सामना शाहू स्टेडियमवर असला की शहरात दुसरा विषय नसतो. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ पोसले, पेठापेठांनी ते डोक्यावर घेतले. तिथे क्रिकेटनं कुणाला खाल्लं नाही. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. शरीरयष्टीचं म्हणाल, तर तो मुद्दा जपान्यांना पत्रानं कळवा.

जपानवरून आठवलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवताना नेव्हिल डिसूझानं तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. मूळचा गोव्याचा, मुंबईत टाटांच्या संघातून खेळलेला. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपण जपानला २-० हरवलं आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१. प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे शाळामास्तर. ते आजारी होते आणि पुढच्याच वर्षी कर्करोगानं गेले. ही माणसं या देशातलीच होती, याच रक्ताची. लोकसंख्या तेव्हा पन्नास कोटींच्याही खाली होती. कमी ढिगातून जास्त माल निघत होता, मामा. याचं काय करायचं?

आपल्याकडून हरल्यानंतर जपान्यांनी काय केलं, ते चाकणच्या माणसाला लगेच कळेल. १९६५ साली त्यांनी कारखान्यांच्या संघांची राष्ट्रीय लीग सुरू केली. मित्सुबिशी, हिताची, फुरुकावा, माझदा बनवणारी तोयो कोग्यो. कामगार दिवसा लाइनवर, संध्याकाळी मैदानावर. १९९३ मध्ये त्याच संघांचे व्यावसायिक क्लब केले, कंपनीचं नाव काढायला लावून शहराचं नाव द्यायला लावलं. मित्सुबिशीचा संघ उरावाचा झाला, हिताचीचा काशिवाचा. १९९८ ला जपान पहिल्यांदा विश्वचषकात गेला. त्यानंतर एकही चुकवलेला नाही. आपली पहिली राष्ट्रीय लीग सुरू झाली १९९६ मध्ये, जकार्तानंतर चौतीस वर्षांनी.

आणि सुरुवात आपल्याकडेही कारखान्यांनीच केली होती. मुंबईत टाटा, कालटेक्स, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्र अशा कंपन्यांचे संघ होते. खेळाडूला नोकरी मिळायची, गुडघा गेला तरी पगार बंद होत नसे. महिंद्र युनायटेडनं २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. आज भारताचे प्रशिक्षक असलेले खालिद जमील तिथेच खेळले. २००९-१० च्या मोसमानंतर तो संघ बंद झाला. त्याच सुमारास त्या कंपनीचा मोठा कारखाना चाकणला उभा राहिला. यात मी कुणाला आरोपी करत नाही. व्यावसायिक लीग आल्यावर कंपन्यांच्या संघांचे दिवस सरणारच होते. पण जपाननं कारखान्याचा संघ शहराच्या हाती दिला. आपण त्याला कुलूप लावलं.

चाकण-तळेगावच्या रस्त्यानं जाताना पाट्या वाचत जा. फोक्सवॅगनचा कारखाना ३१ मार्च २००९ ला सुरू झाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत त्याच कंपनीच्या गावचा, कामगारवस्तीतून वाढलेला वोल्फ्सबुर्ग क्लब जर्मनीचा विजेता झाला. तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना घेणाऱ्या ह्युंदाईच्या नावाचा जिओनबुक क्लब कोरियातल्या सर्वांत यशस्वी क्लबांपैकी एक आहे. या लोकांना कारखाना आणि फुटबॉल यांचं नातं आपण समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडून त्यांना ते कुणी विचारलंच नाही. एवढा मोठा वाहन उद्योगाचा पट्टा, पण त्यातल्या कारखान्यांच्या जोरावर एकही व्यावसायिक फुटबॉल क्लब टिकलेला नाही. कंपनी कायद्यानं नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे आणि त्या कामांच्या यादीत खेळाचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. ते वाचायला जपानी यायची गरज नाही.

आता त्या वाक्याकडे येतो जे ऐकून माझं डोकं खरंच फिरतं: लोक स्टेडियममध्ये येत नाहीत.

आपल्याकडे महाळुंगे दोन. एक चाकणचं महाळुंगे इंगळे, जिथे शिफ्ट सुटली की माणसांचा लोंढा लागतो. दुसरं वाकडच्या पलीकडे, बालेवाडीला लागून, जिथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी श्री शिवछत्रपती क्रीडानगरी बांधली. मी काही वर्षं पहिल्या महाळुंग्यातून सुटून दुसऱ्या महाळुंग्यात जायचो, अंगावरचा कंपनीचा शर्ट न बदलता. पिरामलांनी २००७ मध्ये काढलेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला. त्यांच्या अकादमीत केरळच्या मलप्पुरमहून आशिक कुरुनियन नावाचा मुलगा आला आणि पुढे भारताकडून आशिया चषक खेळला. मग कल्याणी समूहाचा भारत एफसी आला, २०१४-१५ चा एकच मोसम खेळला आणि गेला. २०१५ मध्ये पुणे एफसीही गेला. डीएसके शिवाजियन्स दोन मोसम आय-लीग खेळून २०१७ मध्ये गेला. उरला एफसी पुणे सिटी, नारिंगी जर्सीचा. २०१७-१८ मध्ये तो इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत गेला. बंगळुरूला सुनील छेत्रीनं एकट्यानं तीन गोल मारून आम्हाला बाहेर काढलं. पुढच्या मोसमानंतर तो क्लबही बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली.

२०१५ ते २०१९. पाच वर्षांत एका शहरातून चार क्लब गेले. दर वेळी गाडी मालकाच्या ताळेबंदावरच अडली. माझ्या कपाटात आजही तीन वेगवेगळ्या रंगांच्या जर्सी आहेत, तिन्ही मेलेल्या क्लबांच्या. बायको विचारते, पुसणी करू का? आणि वर्तमानपत्रातला लेखक मला विचारतो, तुम्ही पाठिंबा का देत नाही? अहो, कुणाला देऊ? आम्ही आमच्या बाजूनं आलो होतो. उठून गेले ते क्लब.

तो उपांत्य सामना मार्च २०१८ चा. जूनमध्ये त्याच छेत्रीनं, भारताच्या कर्णधारानं, हात जोडले. अंधेरीच्या मैदानावर तैवानला ५-० हरवलं तेव्हा प्रेक्षक अडीच हजारांच्या आसपास होते. दुसऱ्या दिवशी त्यानं व्हिडिओ काढून विनवणी केली: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. ४ जूनला केनियाविरुद्ध तिकिटं संपली. सोमवार होता. मी रजा टाकली, चिंचवडला सिंहगड एक्स्प्रेस पकडली आणि संध्याकाळी धो धो पावसात उघड्यावर भिजत बसलो. छेत्रीचा तो शंभरावा सामना. ३-० जिंकलो, दोन गोल त्याचे. पावसात शेजारचा अनोळखी माणूस माझ्या गळ्यात पडला. हे सगळं एका व्हिडिओवर घडलं. लोक येत नाहीत म्हणणाऱ्यांनी एवढं तरी कबूल करावं की नीट बोलावलं तर लोक पावसातही येतात. पण कर्णधारानं हात जोडणं ही सोय कायमची होत नाही. जानेवारी २०२६ मध्ये छेत्री, गुरप्रीत, झिंगन या खेळाडूंना पुन्हा व्हिडिओ काढावा लागला. या वेळी विनवणी प्रेक्षकांना नव्हती, फिफाला होती. आम्हाला खेळायचंय, कुणीतरी लीग सुरू करा.

ही वेळ का आली, ते बघायला आपली रोजची पद्धत वापरू. कस्टमर कम्प्लेंट आली की आपण पाच वेळा 'का' विचारतो. तक्रार: २०२४ या अख्ख्या वर्षात भारत ११ सामने खेळला, एकही जिंकला नाही, गोल फक्त चार. त्यात जानेवारीच्या आशिया चषकातले तीन सामने, शून्य गोल, सहा खाल्ले. गोल का होत नाहीत? छेत्रीनंतर नऊ नंबरच्या जागेवर मुरलेला भारतीय खेळाडूच नाही. का नाही? क्लबांमध्ये ती जागा वर्षानुवर्षं परदेशी खेळाडूची. क्लब भारतीय पोराला तिथे का घडवत नाहीत? कारण मोसम छोटा, सामने मोजके, चुका करत शिकायला वावच नाही. मोसम छोटा का? कारण लीगची आखणी खेळाच्या गरजेपेक्षा टीव्हीवरच्या तमाशाच्या गरजेनं झाली. आणि तसं का झालं? कारण भारतीय फुटबॉल महासंघानं २०१० मध्ये पंधरा वर्षांसाठी ७०० कोटींना सगळे व्यावसायिक हक्क देऊन टाकले आणि हात झटकले. तो करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार हे पंधरा वर्षं भिंतीवर लिहिलेलं होतं. तरी जुलै २०२५ मध्ये लीग थांबवल्याचं क्लबांना कळवलं गेलं, नोव्हेंबरमध्ये निविदा काढली तर एकही बोली आली नाही, आणि एरवी सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होणारी लीग १४ फेब्रुवारी २०२६ ला एकेरी फेरीची, लंगडत सुरू झाली. अर्धा मोसम खेळाडू घरी बसले. फातोर्ड्याला आणि ढाक्याला जे उतरले, ते असे लीगशिवाय उतरले होते.

पाच 'का' विचारून झाले. त्यात क्रिकेट कुठे आलं? शरीरयष्टी कुठे आली? मी कुठे आलो?

महासंघाची कुंडली आणखी हवी असेल तर तीही उघडी आहे. बाहेरच्यांच्या हस्तक्षेपाचं कारण देऊन फिफानं ऑगस्ट २०२२ मध्ये भारतीय फुटबॉल निलंबित केला. अकरा दिवसांत निलंबन उठलं, पण तोवर आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या गोकुलम केरळच्या मुलींना न खेळताच परतावं लागलं होतं. कुंडली हा शब्द मी उगाच वापरलेला नाही: संघनिवडीसाठी ज्योतिषाचा सल्ला घेतला जायचा, अशी बातमी सप्टेंबर २०२३ मध्ये इंडियन एक्स्प्रेसनं दिली होती. आमच्या लाइनवर कुणी मुहूर्त बघून गेज लावला तर त्याला गेटबाहेर काढतील.

आणि मुलींचं म्हणाल तर त्यांची गोष्ट ऐकून तरी १४० कोटींचं पालुपद थांबवा. २०२२ चा महिला आशिया चषक महाराष्ट्रात झाला. काही सामने आपल्या बालेवाडीला. भारत इराणशी ०-० खेळला आणि पुढच्या सामन्याआधी संघात कोविड पसरला. मैदानात उतरवायला पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत आणि यजमानच स्पर्धेबाहेर गेले. त्याच संघानं जुलै २०२५ मध्ये चिआंग माईला थायलंडला त्यांच्याच मैदानात २-१ हरवून पुढच्या आशिया चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्या दिवशी बसमध्ये कुणी मला "काय भाऊ?" असं विचारलं नाही.

आमच्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. भारत हा झोपलेला राक्षस आहे, असं फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष सेप ब्लाटर म्हणून गेले, आणि आम्ही पाठीराखे ते अंगाईसारखं गातो. अरे, कुंभकर्णसुद्धा सहा महिन्यांनी उठायचा. महासंघानं जानेवारी २०२३ मध्ये 'व्हिजन २०४७' काढलं; तोवर आशियातल्या पहिल्या चारांत यायचं म्हणे. आमच्याकडे एखाद्या सप्लायरनं सुधारणेच्या रकान्यात '२०४७' लिहून पाठवलं, तर त्याचा व्हेंडर कोड संध्याकाळपर्यंत बंद होतो. संयम ठेवा म्हणणाऱ्यांनी आधी पुढच्या शनिवारचं वेळापत्रक दाखवावं. आणि खेळाडूंना सगळं माफ, असंही नाही. १-० ची आघाडी घरच्या मैदानावर घालवायला करार संपावा लागत नाही. दहा पावलांवरचा पास चुकतो तेव्हा मीही त्याच बाकावर बसून अर्वाच्य बोलतो. प्रोसेस वाईट असली तरी ऑपरेटरनं डोळे उघडे ठेवायचे असतात.

राहिलं शेवटचं: मग युरोपातलं बघ की. बघतो. शनिवारी रात्री लिव्हरपूल बघतो, डोळ्यांचं पारणं फिटतं. पण शेजारच्याचा मुलगा बोर्डात आला म्हणून आपण त्याचं नाव आपल्या रेशनकार्डावर चढवत नाही. लिव्हरपूल हरलं तर माझी झोप जात नाही, कारण तिथे माझं काहीच अडलेलं नाही. माझ्यावाचून ते मजेत चाललंय. भारत हरतो तेव्हा मला टर्फबाहेरचा तो चपला काढणारा मुलगा आठवतो. लिव्हरपूल त्याला शोधायला मोशीत येणार नाही. त्याला कुणी शोधलं तर ते याच हरणाऱ्या, रडतखडत चालणाऱ्या, कोर्टकज्ज्यांनी पोखरलेल्या व्यवस्थेनं शोधायचं आहे. मी तिच्याकडे पाठ फिरवली तर तिला जाब विचारायला कोण उरतं? मालक उठून जातात, अध्यक्ष बदलतात, प्रशिक्षक घरी जातात. स्टिमाच गेले, मार्केझ गेले. १९६२ पासून एकही पाळी न चुकवता कामावर आलेला या खेळात एकच आहे, तो पाठीराखा. आणि बिनपगारी त्यालाच मेमो देताय?

मामा, आपल्या लाइनच्या टोकाला एक लाल डबा असतो. रिजेक्ट झालेला पार्ट त्यात पडतो. नव्या पोरांना वाटतं, डब्यात टाकला की विषय संपला. तुम्हीच त्यांना शिकवता की विषय तिथे सुरू होतो. रोज ठरलेल्या वेळी डबा टेबलावर उलटा करायचा, एकेक पार्ट हातात घ्यायचा, का गेला ते विचारायचं, उत्तर देणाऱ्याचं नाव लिहायचं. डबा कुणी उघडलाच नाही, तर तो भरून वाहतो आणि एक दिवस तोच माल गाडीत बसून रस्त्यावर जातो.

त्या संध्याकाळी मी बसमध्ये तेच करत होतो. तुम्हाला वाटलं, डेटा जाळतोय. पुढचा सामना असेल तेव्हा मी त्याच मागच्या बाकावर असेन, मोबाइल त्याच दांडीला टेकवलेला असेल. हरलो तर हसा, तुमचा हक्क आहे. पण १४० कोटींचा हिशेब सांगू नका. त्याऐवजी शेजारी बसा आणि मला पहिला 'का' विचारा. चौकात बस तशीही पाऊण तास हलत नाही.